अय्यूबभाईंचा भोंगा

युद्धाला तोंड फुटले त्या आठवड्यात सरकारी कार्यालयातला अनिकेत पुकारायचा मजकूर घेऊन आला, तेव्हा नसरीन वडिलांच्या, अय्यूबभाईंच्या, ऑटोवर भोंगा बांधत होती. नेर गावात कोणी वारले, नळ बंद राहणार असले, की अय्यूबभाईंचाच आवाज गल्लीबोळांतून फिरे. आज हवाई हल्ल्याच्या सरावासाठी रात्री दिवे मालवण्याची सूचना होती आणि तिच्याखाली एक ओळ होती, ‘शत्रूचे बंदर जळून खाक झाले आहे.’

“हे कोनं पाह्यलं?” अय्यूबभाईंनी विचारले.

“वरून आलं, चाचा. लोकायचा जोश वाढला पाह्यजे.”

“मयताच्या घरी जाऊन आल्याबिगर मी मयतसुद्धा पुकारत नाही, बाबू.”

“मंग लोक म्हनतील, चाचाले बंदराचं दुःख झालं!” अनिकेत हसला.

नसरीनने भोंग्याची दोरी घट्ट आवळली. तो हसत बोलला ते उद्या कोणी न हसता बोलेल, हे तिला ठाऊक होते. अय्यूबभाईंनी मात्र फक्त दिव्यांची सूचना पुकारली, बाजारपेठेपासून पार शेवटच्या वस्तीपर्यंत.

रात्री सारे नेर अंधारले. एकही खिडकी उजळली नाही. समोरच्या ओट्यावरून निवृत्त हेडक्लार्क यज्ञेश्वरकाकांनी हाक दिली, “अय्यूबभाई, मोबाइलवर बंदर जळून राह्यलं. खरं हाय काय?”

“मी पुकारलं काय?”

“नाही.” काकांनी मोबाइल खिशात ठेवला. “मंग नसंन.”

अंधारात कोणाला दिसले नाही, पण नसरीनची मान ताठ झाली होती.