डाव्या कोपरातलं चक्र

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध गादीवर बँकेचे मॅनेजर उताणे पडले होते आणि चक्रवाले सर त्यांच्या पोटावर दोऱ्याला बांधलेला स्फटिक धरून बाजूला उभे होते. स्फटिक गरागरा फिरू लागला.

"पाहा! मणिपूर चक्र! केवढं तापलंय! साहेब, तुम्हाला राग फार येतो."

"येतो," मॅनेजर आढ्याकडे बघत म्हणाले.

हॉलभर "अगंबाई" झालं. बँकेत बसणाऱ्याला राग येतो हे सांगायला स्फटिक लागतो, याचं पोथीताईला नवल वाटलं. ती जुन्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात काम करायची, म्हणून घरानं तिला हे नाव दिलेलं. आज ती आली होती ती शेजारी बसलेल्या वहिनीसाठी. वहिनीच्या गळ्यात बोराएवढी गाठ होती. डॉक्टरांनी सुईनं तपासायला सांगितलं होतं, आणि वहिनीनं दोनदा ठरलेली वेळ मोडली होती. कारण सर म्हणाले होते, "विशुद्ध चक्र बंद पडलंय. सुई लावलीत तर कायमचं फुटेल."

घरात समजावून सगळ्यांचे घसे बसले. वहिनी एकच म्हणायची, "वन्सं, पाच हजार वर्षांचं ज्ञान आहे ते. तुम्हीच पोथ्या वाचता, आणि तुम्हीच असं म्हणता?"

पोथीताई उठली. वहिनीनं तिच्या कामाबद्दल सांगितलेलं होतं, त्यामुळे तिला पाहून सरांची कळी खुलली. "या ताई! ह्या तज्ज्ञ आहेत. सांगा लोकांना, सात चक्रं, सात रंग!"

"सांगते. पण सर, एका पोथीत आणखी एक आहे. कूर्परचक्र. डाव्या कोपरात असतं, रंग राखाडी. ते अडलं की माणूस महत्त्वाची कामं पुढे ढकलत राहतो."

सरांची पापणीही लवली नाही. "अर्थात! गुप्त चक्र आहे ते. आम्ही प्रगत शिबिरातच शिकवतो. पण आता विषय निघालाच आहे तर..."

स्फटिक मॅनेजरांच्या कोपरावर गेला, क्षणभर थबकला आणि असा फिरला की पोटावर काय फिरला होता!

"राखाडी तेज दिसतंय कुणाला?"

"मला!" गर्दीतल्या एका औषध-दुकानदारानं हात वर केला.

"फाइली तुंबल्यात ना साहेब?"

"तुंबल्यात," मॅनेजर हबकून म्हणाले.

"सर," पोथीताई म्हणाली, "हे चक्र कुठल्याच पोथीत नाही. आज सकाळी मटार सोलताना मी ते रचलं."

पोथीत नसलेलं पोथीच्या तोंडी घालणं हे तिच्या कामातलं महापाप. तिचे कान लाल झाले होते. पण वहिनीचा गळा तिला त्याहून महत्त्वाचा होता.

"आता खरं सांगते. वेदात चक्र आहे, पण ते रथाचं. शरीरातली चक्रं आली त्यानंतर कितीतरी शतकांनी, तंत्राच्या पोथ्यांत. तिथेही एकवाक्यता नाही. कुणी चार म्हणतं, कुणी पाच, कुणी सहा, कुणी नऊ. कारण ती मोजायची नव्हतीच. साधकानं ध्यानात कल्पायची कमळं होती ती. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत सहा आणि माथ्यावर एक, असा हिशेब आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिचं इंग्रजी भाषांतर जगभर गेलं आणि तेच सगळ्यांना मूळ वाटू लागलं. हे इंद्रधनुष्याचे रंग तर पश्चिमेकडे पन्नासेक वर्षांपूर्वी लावले गेले. माझ्या आईचा मिक्सर त्याहून जुना आहे."

"मग स्फटिक कसा फिरतो?" वहिनी चिडूनच बोलली.

पोथीताईनं पर्समधून दोरा काढला, त्याला घराची किल्ली बांधली आणि तिच्या हातात दिला. "हात हलवू नकोस. नुसतं मनात म्हण, गोल फिर."

किल्ली आधी झुलली, मग फिरू लागली.

"वन्सं! देवाशपथ, मी काही केलं नाही!"

"केलंस. मनात आलं की बोटं हलतात, इतकी बारीक की आपल्यालाही कळत नाही. दोरा ते मोठं करून दाखवतो. सर लबाड असतीलच असं नाही. त्यांची बोटं त्यांनाही फसवत असतील."

वहिनीनं फिरती किल्ली मुठीत धरून थांबवली. मग तीच सरांकडे वळली. "सर, तुमचे डोळे बांधते. गादीवर मी झोपेन किंवा झोपणार नाही. खाली माणूस आहे की नुसती गादी, एवढंच स्फटिकाला विचारून सांगा."

सरांनी घड्याळ पाहिलं. "आजची ऊर्जा संपली."

लोक पांगले. गर्दीतल्या दोन बायका मात्र डावं कोपर चोळत प्रगत शिबिराची चौकशी करत होत्या.

जिन्यात वहिनी थांबली. तिचे डोळे भरले होते. "म्हणजे पोथ्या खोट्या?"

"छे गं. सुंदर आहेत. ध्यान कर, खुशाल कर. पण गाठ कसली आहे ते पोथीला विचारू नकोस, तिनं तुझा गळा पाहिलेला नाही."

"भीती वाटते हो. सर निदान 'उघडेल हळूहळू' म्हणायचे. डॉक्टर काय म्हणतील?"

"मलाही वाटते." पोथीताईनं तिचा हात घट्ट धरला. "पण जो स्वतःची परीक्षा घेऊ देत नाही, त्यानं दिलेला धीर काय कामाचा? वाईट असेल तर लवकर कळू दे, म्हणजे काही करता येईल. काही नसेल तर रोज रात्री तू विनाकारण जागतेयस."

वहिनीनं डोळे पुसले, फोन काढला आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"उद्या सकाळची वेळ आहे का हो?" ती म्हणाली. "हो, मीच ती, दोनदा न आलेली. या वेळी येते."