फ्यूज खिशात, मीटर भिंतीवर

मित्रांनो, या जगात राज्यं येतात आणि जातात, घरं बांधली जातात आणि विकली जातात, पण सत्य मात्र आपल्या जागी अढळ राहतं. ते सत्य म्हणजे मी. मी एक जुना वीजमीटर आहे. लोणावळ्याजवळ वलवणला तीन खोल्यांचं एक कौलारू घर आहे, त्याच्या पडवीत एका लाकडी फळीवर मी बसवलेला आहे. थोडा डावीकडे कललो आहे. माझ्यामागे एक पाल राहते. ती कधी आली ते आठवत नाही, तिच्याकडे कसला कागद नाही, आणि ती जायचं नाव काढत नाही. अढळपणाचं तेवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही शेकडो भावंडं एका रांगेत उभी होतो. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझी चकती फिरवून पाहिली, शिशाचं सील मारलं आणि म्हणाल्या, "हा बरोबर आहे." आयुष्यात वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. दुसऱ्याची मी अजून वाट बघतो आहे.

मला या भिंतीवर आणलं हौशीरामांनी. ते एका बंगल्यात माळीकाम करायचे. एकतीस वर्षांपूर्वी आंदर मावळातून ते आणि सरूबाई इथे भाड्याने राहायला आले. घरमालक हनुमंतराव ठाण्याला असतात. सह्या करायला यायचा त्यांना तेव्हाही कंटाळा होता, म्हणून त्यांनी मीटर हौशीरामांच्याच नावावर घ्यायला सांगितलं. त्यामुळे घर एकाच्या नावावर आणि उजेड दुसऱ्याच्या, अशी वाटणी तेव्हाच होऊन गेली.

कामाचे दिवस चांगले गेले. खंडेनवमीला सरूबाई विळा, कोयता आणि हौशीरामांची झाडं छाटायची कात्री पुजायच्या आणि शेवटी माझ्या काचेवर हळदकुंकू लावायच्या. एका वर्षी कुंकू नेमकं आकड्यावर बसलं. रीडिंगवाल्याला काही दिसेना, त्याने अंदाजाने बिल लावलं, आणि ते पाहून हौशीराम दोन दिवस देवावर रुसले. पुढच्या वर्षीपासून कुंकू माझ्या डोक्यावर लागू लागलं. मला बदलायला माणसं तीनदा आली. तिन्ही वेळा असा पाऊस लागला की ती चहा पिऊन परत गेली.

आता मित्रांनो, मला इतकं सगळं कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. या घरात मोबाइलला रेंज नाही. ती फक्त माझ्याखालच्या पायरीवर मिळते. जो तो तिथेच येऊन बोलतो आणि मी ऐकतो. मला दुसरं काम तरी काय आहे?

गेल्या पावसाळ्यात ठाण्याहून हनुमंतरावांचा फोन आला. त्यांनी पावसाचं विचारलं, गावाकडच्या भाताचं विचारलं, हौशीरामांच्या गुडघ्याचं विचारलं आणि ठेवून दिला. घर विकायला काढलंय, इसारही घेतलाय, हे सांगायचं राहून गेलं. ते त्यांना जड गेलं असावं. उलट घेणाऱ्याला मात्र त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितलं होतं, "भाडेकरू आमच्या घरचेच आहेत, एका शब्दावर उठतील." तो एक शब्द कुणी उच्चारायचा, ते कुणी ठरवलं नव्हतं.

घेणारे म्हणजे आदिनाथ आणि त्याची बायको माधवी. आदिनाथ तळेगावला कंपनीत कामाला, राहायला घोरावाडीला, तेही भाड्याने. त्यांच्या घरमालकाने त्यांना दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितली होती. म्हणजे एका घरातून उठवलेला माणूस दुसऱ्या घरातल्या माणसाला उठवायला निघाला होता. एका श्रावणी सोमवारी दोघं टेप घेऊन पडवीत उभी राहिली.

सरूबाईंनी टेप पाहिली आणि त्यांना वाटलं, घरपट्टीच्या मोजणीची माणसं आली. मोठं घर दिसलं की पट्टी वाढते, हे वलवणात लहान पोरालाही कळतं. मग सरूबाईंनी घर लहान करायला घेतलं.

"हे सैपाकघर न्हाई ओ बाई, नुसता आडोसा हाय. वारं आलं की भिंत हलती."

माधवीने फोनमध्ये लिहून घेतलं. मागची खोली मोजूच नका, ती समदी गळतीय, असं सरूबाई म्हणाल्या. हौशीरामांनी मे महिन्यात गुडघा धरून स्वतः कौलं चाळली होती. ते पायरीवर बसून हा अपमान गिळत राहिले. सरूबाईंनी पुढे घराच्या पायाला वाळवी लावली, न्हाणीघराला चीर पाडली, आणि आदिनाथचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी चहा झाला. आदिनाथने आपली कपबशी बाहेरच्या नळावर विसळून पालथी घातली आणि दोघं गेली. भाडेकरू कधी उठणार, हे विचारायलाच ती आली होती. तेवढंच विचारायचं राहिलं.

सरूबाई त्या पालथ्या कपाकडे बराच वेळ बघत बसल्या. त्या दिवसापासून त्यांचा मिक्सर कमी फिरू लागला. माझ्या चकतीला असलं लगेच कळतं.

चार दिवसांनी आदिनाथ एजंट भिमाजीला घेऊन आला. हौशीराम आणि सरूबाई दवाखान्यात गेले होते. भिंती हलतात म्हणे, असं आदिनाथने सांगितलं. भिमाजी म्हणाला, आत भाडेकरू असला की प्रत्येक घराची भिंत हलते, तो गेला की घट्ट होते. मग त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली. पाल आत सरकली.

"साहेब, ह्याचा एक फ्यूज काढून न्यायचा. पंखा नाही, मिक्सर नाही, मोबाइल चार्ज नाही. आठ दिवसांत न भांडता उठतात. पण ते तुम्ही करा. मी केलं तर धंद्यात नाव खराब होतं."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकतीस वर्षं मी एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही. आणि आता या दोघांना घराबाहेर काढायचं काम माझ्या नावावर लागणार होतं. गेट वाजलं की मी दचकायचो. रीडिंगवाला आला तरी दचकायचो. खंडेनवमी जवळ येत होती आणि मला वाटायचं, यंदा कुंकू लावायला इथे कुणी असेल का? असलं तरी आपल्याला लावतील का?

भाद्रपद संपता संपता आदिनाथ आला. एकटाच, सकाळी दहाला. आत मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी वाटली जात होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, हात वर केला आणि माझ्याखालचा पांढरा फ्यूज ओढून पँटच्या खिशात टाकला. मिक्सर थांबला. माझी चकती थांबली. तो मात्र तिथेच उभा राहिला. बहुधा पळायचं कुठल्या दिशेने, हे भिमाजीने सांगितलं नव्हतं.

सरूबाई हात पुसत बाहेर आल्या. हौशीराम मागे दारात टेकले. सरूबाईंनी आदिनाथकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लाइट गेली बगा, भाऊ. ह्यांचा गुडगा धरलाय, माजा हात पोचत न्हाई. तुमी उंच हाय. फ्यूज बगता का जरा?"

त्यांना सगळं कळलं होतं की काही कळलं नव्हतं, हे मला आजवर कुठल्याच रीडिंगमध्ये सापडलेलं नाही.  आदिनाथने खिशातून फ्यूज काढला आणि जागच्या जागी बसवला. पहिले दोन प्रयत्न चुकले. आत मिक्सर आपोआप सुरू झाला. बटण बंद करायचं राहिलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "मी घरपट्टीवाला नाही. हे घर मी घेतोय."

"ठावं हाय. घरपट्टीवाला कप इसळून ठेवत न्हाई."

मग हौशीराम पहिल्यांदा बोलले. "आमाला कुणी इचारलंच न्हाई, भाऊ. मालकानं पावसाचं इचारलं. तुमी टेप आणली. सोडा म्हनला असता, तर कवा सोडू ते सांगितलं असतं. आन भिंत हलत न्हाई, त्ये आदी लिवून घ्या."

आदिनाथ पायरीवर बसला. घोरावाडीच्या घरमालकाची नोटीस त्याने तिथेच त्यांना वाचून दाखवली.  चटणी जास्तच बारीक वाटली गेली होती, ती भाकरीबरोबर तिघांनी खाल्ली.

पुढे आदिनाथ वडगावला एका वकीलबाईंकडे जाऊन आला. घर विकलं म्हणून भाडेकरू उठत नाही, तो घराबरोबर नव्या मालकाकडे येतो, आणि फ्यूज खिशात घालून गेला असतात तर अडचणीत तुम्हीच आला असता, असं त्या म्हणाल्या. खरेदीखतात रिकामा ताबा लिहिलं होतं, ते बदलून त्यांनी खरं होतं ते लिहिलं. हनुमंतरावांना अखेर सहीला यावंच लागलं. पायरीवर बसून ते पुन्हा पावसाचं विचारू लागले, तेव्हा सरूबाई म्हणाल्या, पाऊस कवाच गेला, आता सही करा. हौशीरामांचा मुलगा गौरव सुदुंबऱ्याला दोन खोल्या बांधतो आहे, स्लॅब अजून पडायचा आहे. तोवर मागच्या दोन खोल्या यांच्या, पुढची खोली आणि पडवी आदिनाथची. सगळं सरूबाईंनी मोठ्याने वाचून घेतलं आणि मगच सही केली.

दिवाळीपासून दोन्ही घरं माझ्या एकाच चकतीवर चालतात. दोन फ्रीज, दोन मिक्सर. मी दमतो. स्लॅब वेळेवर पडेल का, याची काळजी सरूबाईंना आहे. नाही पडला तर आता उठा म्हणायला तोंड कसं उघडायचं, याची आदिनाथला आहे. आणि नवे मीटर बसवायची माणसं चौथ्यांदा यायची आहेत, या खेपेला पाऊस नसेल, याची मला आहे. खंडेनवमीला मात्र कुंकू लागलं होतं, डोक्यावर.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल. भिंत मोजण्याआधी आत राहणाऱ्या माणसाला विचारा. घरातली माणसं कागदावर दिसत नाहीत, पण ती असतात. आपल्या जुन्या मीटरशीही मायेने वागा.

आणि तेवढं रीडिंगचा फोटो काढताना फ्लॅश मारू नका. पाल दचकते.