जित्या माणसाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा नव्हे. नाटकाचा पडदा उघडला की लोक टाळ्या वाजवतात. मी दवाखान्याचा. तीन लोखंडी चौकटी, त्यांवर ताणलेलं हिरवं कापड आणि खाली चाकं. त्यातलं एक जन्मापासून रुसलेलं.

परभणीत, स्टेशनाजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मला जोडलं. मिस्तरी म्हणाला होता, "बायाबापड्यांची लाज राखायची चीज हाय, लय मजबूत बनवलीय." माझी छाती फुगली. मग एसटीच्या टपावर बसून मी एका तालुक्याच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात दाखल झालो. दुष्काळाचं ते साल. गावोगावी खडी फोडण्याची कामं चालू होती आणि दवाखान्यात ठेचलेल्या बोटांना तोटा नव्हता.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी वारली. वॉर्डबॉय मुंजाजी, मिशा भरघोस आणि घाई त्याहून भरघोस, त्यानं मला ढकलत नेऊन तिच्या खाटेभोवती लावलं. डॉक्टर म्हणाले, "छान सोय झाली." झालं! माझं काम तिथंच ठरलं. जिवंत बायकांच्या जखमा उघड्यावर धुवायच्या. भेटायला आलेल्या पुरुषांसमोर, चहावाल्यासमोर, व्हरांड्यातून आत आलेल्या शेळीसमोर. माणूस मेलं की मात्र पडदा. जिला आता कशाचीच लाज उरली नाही, तिची लाज राखायला मी!

पुढं पुढं माझं रुसकं चाक कुरकुरलं की वॉर्डातल्या ज्या बायांना उठता येत नव्हतं त्यासुद्धा उठून बसत. तपासणीला आलेले साहेब कौतुकानं म्हणत, "वा, स्क्रीनसुद्धा आहे!" साहेब गेले की माझ्यावर मुंजाजीचा टॉवेल वाळत पडे.

माझं दुसरं काम दिनकररावांनी शोधलं. बड्या जमिनीचे धनी. त्यांच्या आईला, पार्वतीबाईंना, दम्यासाठी भरती केलेलं. शेजारच्या खाटेवर सुलाबाई. खडीच्या कामावर दगडाची चीप उडून तिची मांडी वरपर्यंत फाटली होती. ती बौद्धवाड्यातली. दिनकरराव सभ्य माणूस, वेडंवाकडं एक अक्षर बोलले नाहीत. नुसतं हळूच म्हणाले, "मुंजाजी, मधी काही आडोसा न्हाई का?"

मुंजाजीनं मला दोन खाटांच्या मधे उभं केलं. कुणाची लाज राखायला नव्हे, एका माणसाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. मित्रांनो, एवढा अपमान माझा मढ्यांनीही केला नव्हता.

माझी पाठ सुलाबाईच्या खाटेला टेकलेली. रोज सकाळी जखम धुवायला नर्स आली की ती लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरी. "बरं हाय बाई, ऱ्हाऊ द्या." समोर दारात चार पुरुष चहा पीत उभे. डॉक्टर म्हणत, "हट्टी बाई आहे." नर्स पुढच्या खाटेकडे जाई. जखम चिघळली, ताप चढला, वास सुटला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर औरंगाबादला धाडावं लागेल. पाय काढतील."

तिचा पाय वाचवायला मी फक्त चार फूट सरकायला हवा होतो. पण पडद्याला कुणी विचारत नाही, आणि पेशंटलाही नाही.

त्याच आठवड्यात नव्या नर्स नर्मदाबाई बदलून आल्या. ठेंगण्या, आवाज खर्जातला. त्यांनी सुलाबाईच्या कानाशी वाकून विचारलं, "दुखतंय म्हणून नको म्हणतीस, का लाज वाटती?" सुलाबाईनं नुसतं दाराकडे पाहिलं. नर्मदाबाईंनी माझी चौकट धरली.

"सिस्टर, तो पडदा आमच्यासाठी हाय," दिनकरराव म्हणाले.

"कशासाठी?"

हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. खरं उत्तर मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं. "आईला... वारा लागतो."

"वारा दारातून येतो साहेब. खाटेवरून येत न्हाई."

तेवढ्यात पार्वतीबाई खोकत म्हणाल्या, "नेऊ दे की रे दिन्या! मढ्यावानी आडोशाला निजवलंस मला. बोलायला कुत्रं न्हाई इथं."

मी कुरकुरत निघालो. पहिल्यांदाच जिवंत माणसाभोवती उभा राहिलो. आणि नेमकं त्याच वेळी सुलाबाईची सासू तानुबाई भाकरी घेऊन दारात आली. तिनं पडदा बघितला, भाकरीचं फडकं खाली टाकलं आणि हंबरडा फोडला, "सुले! सोडून गेलीस गं!"

आतून आवाज आला, "आत्याबाई, मी जित्ती हाय! गप ऱ्हावा, बाई जखम धुवायल्यात!"

मेलेली सून बोलली म्हणताना तानुबाई दुप्पट किंचाळली. तिच्या मागोमाग आलेला सुलाबाईचा नवरा लिंबाजी खरंखोटं न बघता स्टँडकडे पळाला आणि गावाकडं निघालेल्या एसटीच्या कंडक्टरला निरोप देऊन बसला. दुपारच्या गाडीनं अर्धा बौद्धवाडा उतरला, बरोबर पांढरं कापड घेऊन. सुलाबाई खाटेवर बसून चहा पीत होती. सगळ्यात वयस्कर पाहुण्यानं हातातली घडी काखेत मारली. मग म्हणाला, "आता ह्या कापडाचं काय करावं?"

लोक हसले. लिंबाजी हसला नाही. "जित्या बाईला मढ्याचा पडदा लावलात. न्हाई ठिवायची मला हिला इथं. उठ गं!"

आता पाय नव्हे, जीवच जायची पाळी. डॉक्टर "अडाणी" म्हणाले आणि निघून गेले. नर्मदाबाई मात्र खाटेच्या कडेवर टेकून सुलाबाईला म्हणाल्या, "चुकलं माझं. आधी तुला विचारायला पायजे होतं. घरी जायचं, का ऱ्हायचं? ऱ्हायचं तर कसं करू, तूच सांग."

मुंजाजीच्या मिशा थरथरल्या. पेशंटला विचारायचं? उद्या पेशंट सांगायला लागले तर?

सुलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "मी ऱ्हाते. पडदा लावा बाई. पन तोंडाकडून उघडा ठिवा. आत्याबाईला माझं तोंड दिसू द्या. बोलत ऱ्हाईन मी."

एवढी साधी गोष्ट! शिकलेल्या कुणाला सुचली नव्हती. कारण पडद्याच्या आत कधी त्यांना निजावं लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी तीन बाजूंनी उभा राही. चौथ्या बाजूला, उशाशी, तानुबाई. जखम धुताना सुलाबाई ओरडे, सासू तिला धीर द्यायच्या नावाखाली शेजारणीच्या कागाळ्या सांगे, आणि पलीकडून पार्वतीबाई "मग पुढं काय झालं?" म्हणून विचारत. दिनकरराव दारातच उभे राहू लागले. त्यांना वारा लागत असावा. ते पांढरं कापडही वाया गेलं नाही. नर्मदाबाईंनी उकळून त्याच्या पट्ट्या केल्या आणि सुलाबाईच्या मांडीला बांधल्या. सुलाबाई दोन्ही पायांवर चालत घरी गेली. थोडी लंगडत, पण स्वतःच्या पायांवर.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण नर्मदाबाईंची बदली झाली आणि मी पुन्हा कोपऱ्यात. माझं कापड विटलं, दुसरं चाकही रुसलं.

एकदा सुलाबाई भाचीला भेटायला वॉर्डात आली. मला ओळखून थांबली. समोर एका पोरीची जखम उघड्यावर धुणं चाललं होतं. "ह्याला कोपऱ्यात कामून ठिवलाय, मुंजाजी?"

मुंजाजी माझ्यावर टॉवेल वाळत घालत म्हणाला, "आज कोणी मेलंच न्हाई."

सुलाबाईनं तो टॉवेल खाली काढला आणि लंगडत लंगडत मला ढकलत त्या पोरीच्या खाटेपर्यंत नेलं. तिथं थांबून तिनं विचारलं, "लावू का गं?"

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी नर्स, कुणी मुंजाजी. मला तेल घाला, कापड बदला, ती माझी हौस. पण पडदा कुणाचा हे, खाट कुणाची ते बघून ठरवू नका, आणि लावायच्या आधी तेवढं विचारा. लावलात तर तोंडाकडून उघडा ठेवा. आत माणूस आहे, आणि ते जितं आहे, हे बाहेरच्यांना दिसलं पाहिजे.