डेसची शिल्लक रजा

पीच डबाबंद करणारा आमच्या गावचा कारखाना बंद पडला आणि माझा नवरा डेस घरी बसला. गावाला सुतक आलं होतं. पण खरं सांगते, मी आतून खुशीत होते. नोकरी गेल्याची भरपाई घराच्या कर्जात गेली, जाऊ दे. न वापरलेल्या रजेचे पैसे वेगळे मिळतात, आणि डेसइतका कामाला चिकटलेला माणूस अख्ख्या कारखान्यात नव्हता. त्या पैशांतून गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे जुनी कॅरॅव्हॅन घ्यायची आणि वाळवंट ओलांडून पार पश्चिमेला, माझ्या बहिणीकडे जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. व्हॅलचे गुडघे गेलेत, ती काही इकडे येत नाही. मी गेले नाही तर आमच्या भेटी फोनवरच संपायच्या.

पैसे जमा झाले त्या दिवशी क्लिफ बियर घेऊन हजर. हा कारखान्यात डबे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर डेसच्या शेजारी उभा राहायचा. धडधाकट असताना आजारपणाची रजा टाकणं हा आमच्याकडे जन्मसिद्ध हक्क, आणि क्लिफ त्यातला राजा. फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतरच्या सोमवारी त्याचं पोट हमखास बिघडायचं, आणि दुसऱ्या दिवशी स्वारी मासे धरताना उन्हाने भाजलेलं नाक घेऊन कामावर यायची.

"नोलीन, मी होडी घेतोय!" तो म्हणाला. "नोकरी गेली की आजारपणाची रजा मेली, तिचा छदाम मिळत नाही. म्हणून ती सगळी खाल्ली आणि वार्षिक रजेला बोट लावलं नाही. लेका डेस, तुझं तर घबाड असेल!"

"कॅरॅव्हॅनचे टायर येतील," डेस म्हणाला. "चारही येतील का, शंका आहे."

क्लिफ हसला. मला हसू आलं नाही. तो गेल्यावर मी तोंड सोडलं.

"कुठे उधळलीस रे रजा? साधे मासे धरायला कधी गेला नाहीस!"

डेस ग्लास विसळत राहिला. "मंगळवारी गेली."

"कुठल्या मंगळवारी?"

"तुझ्या केमोच्या."

"साहेबांनी रजा न लावता सोडलंय म्हणाला होतास!"

"खोटं बोललो."

"अरे गाढवा, घरचं माणूस आजारी असलं की आजारपणाच्या रजेतूनच दिवस मिळतात. कायदा आहे तो!"

"ठाऊक आहे गं. पण गावात कुणाला कळू देऊ नकोस, असं तूच बजावलं होतंस. कारण न सांगता आजारपणाची रजा टाकली असती, तर सगळा पट्टा दात काढत विचारणार, 'काय डेस, किती मासे गावले?' तुझ्या उलट्या आवरून यायचं आणि ते ऐकायचं? माझा हात उठला असता. वार्षिक रजेला कुणी काही विचारत नाही."

माझ्या जिभेवर आणखी दोन-चार शिव्या तयार होत्या, त्या गिळल्या. त्या हिवाळ्यात दर मंगळवारी हा मला शहरात घेऊन जायचा. येताना बेकरीपाशी गाडी थांबवून मटणाचं सारण भरलेल्या दोन गरम पेस्ट्र्या आणायचा. मला मटणाचा वास सोसायचा नाही, मग दोन्ही स्वतःच खायचा आणि घर येईपर्यंत भसाड्या आवाजात गायचा. मला बरं नव्हतं, पण त्या गाडीत मी सुखात होते.

न वापरलेल्या रजेचे पैसे येणार कुठून? त्याची सगळी रजा मी वापरली होती. मला एकदम फार श्रीमंत वाटलं, आणि रडूही आलं.

"शेडमधला तंबू काढ," मी नाक पुसत म्हटलं.

"या वयात जमिनीवर झोपणार आहेस?"

"व्हॅलकडे पलंग आहे. तोवर दोघं मिळून कण्हू."