सीटखालच्या दोन रेघा

"मावशी, उतरवू का खाली?" पंपाने विचारलं, तेव्हा सायकल स्टँडला टांगलेलीच होती आणि मावशी तिचं पुढचं चाक हाताने फिरवून बघत बसल्या होत्या. बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. चाक सकाळीच नीट झालं होतं आणि आता दुपार टळायला आली होती.

"राहू दे थोडा वेळ," मावशी म्हणाल्या.

पंप म्हणजे वर्कशॉपमधला दुसरा फिटर. चाळिशीचा बाप्या, पण बोलण्याआधी एक लांब सुस्कारा सोडायची खोड होती, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्याने आताही सुस्कारा सोडला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

मावशी सव्वीस वर्षं इथे चाकं बसवत आल्या होत्या. वेडंवाकडं चाक त्यांच्यापुढे टांगायचं आणि बाजूला व्हायचं. एकेका तारेला टिचकी मारून, कान देऊन, कुठे पाव आटा ताणायचा आणि कुठे सैल सोडायचं, ते त्या ठरवत. त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. चाकाच्या बाबतीत मावशींचा शब्द शेवटचा. मालकांचा त्यानंतरचा.

वर्कशॉपचा एक नियम होता, मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला. ज्याने नट आवळले, त्यानेच सायकल चालवून आणायची. गेटातून बाहेर, पाण्याच्या टाकीला वळसा, उतारावर दोन्ही ब्रेक दाबून बघायचे आणि परत. मग सीटच्या खालच्या बाजूला खडूने आपली खूण. पंपाची फुली, मावशींच्या दोन आडव्या रेघा. खूण नसलेली सायकल गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे, मग ते दारात कितीही पाय आपटत उभं असो.

सात महिन्यांपूर्वी याच सायकलची फेरी मारताना मावशी उतारावर पडल्या होत्या. डावं मनगट, खांद्याचं हाड आणि समोरचे तीन दात गेले. दात नवे बसले, मनगटात धातूची पट्टी बसली. महिनाभरापूर्वी त्या कामावर परतल्या, तेव्हा हात काही विसरले नव्हते, फक्त लवकर दमत होते. पण सायकलवर पाय टाकायची वेळ आली की त्या मागे सरायच्या. मग पंप त्यांच्या सायकली चालवून आणायचा आणि सीटखाली फुली मारायचा. सव्वीस वर्षांत मावशींच्या कामावर दुसऱ्याची खूण पडली नव्हती. आता महिनाभर रोज पडत होती.

मंगळवारी पंपाने मालकांना सांगून टाकलं, की मावशींच्या कामावर माझी फुली मारताना चोरी केल्यासारखं वाटतं. वाईट हेतूने नाही सांगितलं. पण मालकांनी त्याच संध्याकाळी मावशींना बोलावलं. पुढे काउंटरवर बसा म्हणाले. घंट्या, दिवे, कुलपं विकायची, पाठीला टेकायला खुर्ची, डोक्यावर पंखा. सोमवारपासूनच बसा. इतक्या मायेने बोलले, की मावशींना धड रागावताही आलं नाही. घंट्या विकणारी म्हातारी. आज शनिवार होता.

घरी लेकीला ही बातमी सांगितली, तर तिला आनंदच झाला. आई पुन्हा सायकलवर बसली तर तिच्याशी बोलणार नाही, अशी तिने दवाखान्यातच शपथ घेतली होती. मावशींची स्वतःची सायकलही तिने परस्पर कुणाला तरी देऊन टाकली होती.

आणि ते कुत्रं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात, तेव्हा मावशी तुटक्या दातांमधून म्हणाल्या, कुत्रं आडवं आलं. मग लोक विचारू लागले, कसलं कुत्रं. तपकिरी, त्या म्हणाल्या. झालं. त्या दिवसापासून गल्लीतल्या तपकिरी कुत्र्यांचे दिवस फिरले. पंप तर एखादं दिसलं की हातातलं काम टाकून धावायचा. एक लंगडं, गरीब कुत्रं गेटाशी पडून असायचं, तेही दिसेनासं झालं. मावशींना ते आठवलं की जेवण जायचं नाही.

कारण कुत्रं नव्हतंच. मावशींनी पुढचं चाक हँडलखालच्या चिमट्यात बसवलं होतं, दोन्ही नट बोटांनी चढवले होते, पाना हातात घेतला होता, आणि तेवढ्यात लेकीचा फोन आला. आई, कात्री कुठे ठेवलीस? शिलाईच्या डब्यात बघ, तिथे नाही, मग कपाटाच्या वर बघ. कात्री सापडली. फोन ठेवला आणि मावशी सायकल काढून निघाल्या. उतारावरच्या खड्ड्यात सायकल उसळली आणि पुढचं चाक चिमट्यातून निघून एकटंच पुढे गेलं. पडता पडता मावशींनी त्याला जाताना बघितलं होतं. आपटल्यामुळे निसटलं असेल, असं मागाहून सगळे धरून चालले. मावशींच्या हातून नट आवळायचा राहील, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मावशींना भीती रस्त्याची नव्हतीच. त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटत होती.

पाचच्या सुमाराला टपालवाली आली. सायकल तिची होती. सात महिने ती मागून आणलेल्या एका जुनाट सायकलवर टपाल वाटत होती आणि मालकांनी तीनदा सांगूनही तिने आपली सायकल पंपाकडून दुरुस्त करून घेतली नव्हती. मावशी येतील तेव्हा करतील, म्हणायची. दवाखान्यातही दोनदा येऊन गेली होती. आता ती सायकलभोवती एक चक्कर मारून आली, नव्या चिमट्यावरून हात फिरवला आणि सीटखाली वाकून बघितलं.

"खूण नाही अजून," ती म्हणाली.

"पंप आणेल चालवून," मालक काउंटरवरून म्हणाले. पंप उठलाही.

"थांब रे," मावशी म्हणाल्या. आपण उभ्या राहिलोय हे त्यांना बोलल्यावर कळलं. "बाई, तुला एक सांगायचंय. मालक, तुम्हीपण ऐका. त्या दिवशी कुत्रं नव्हतं. पुढचे नट आवळायचे राहिले होते. माझ्याच हातून."

फोनचं त्यांनी सांगितलं नाही. ते कधीच कुणाला सांगायचं नाही, हे ठरलेलं होतं. कात्रीपायी आईचं हाड मोडलं, हे लेकीने जन्मभर कशाला वागवायचं?

पंपाने सुस्कारा सोडला नाही. मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. टपालवाली सायकलच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिली.

"ह्याच सायकलचे?" तिने विचारलं.

"हो."

"माझी सकाळची वाट उताराची आहे, मावशी."

"माहितीय."

"तुमच्या हातची म्हणून मी थांबले होते सात महिने." हे ती रागाने बोलली नाही, दमलेल्या आवाजात बोलली. मावशींना राग बरा वाटला असता. खांद्यावरची रिकामी थैली तिने काउंटरवर ठेवली. "आज आवळलेत?"

"दोनदा."

"मग चालवून दाखवा."

मालक काहीतरी म्हणायला गेले, टपालवालीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पंपाने सायकल स्टँडवरून उतरवून दिली. मावशी ती हातात धरून गेटापर्यंत चालत गेल्या. पायडलवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी सायकल थोडी पुढे गेली आणि तिच्याबरोबर त्याही गेल्या.

टाकीपर्यंत त्यांनी श्वास घेतला की नाही, कुणास ठाऊक. हँडल इतकं घट्ट धरलं होतं, की मनगटातली पट्टी ठणकायला लागली. उताराच्या तोंडाशी त्या उतरल्या. खाली तो खड्डा दिसत होता. कुणीतरी विटांचे तुकडे टाकून तो बुजवला होता, तेही आता उचकटले होते. सायकल हाताने धरून खाली न्यावी, कुणाला कळणार होतं? गेट इथून दिसत नव्हतं. मावशी बराच वेळ उभ्या राहिल्या. एक दूधवाला बाजूने गेला, काय हो, हवा गेली का, म्हणून विचारून गेला. मग त्यांनी वाकून दोन्ही नट बोटांनी दाबून बघितले, सीटवर बसल्या आणि ब्रेक धरत, सोडत, खाली गेल्या. खड्ड्यात सायकल उसळली. चाक जागेवर राहिलं. मावशींना रडू आलं, तेही सायकल चालवता चालवताच रडून झालं.

गेटाशी परत आल्या तेव्हा मालक उगाचच कुलपांची पेटी पुसत दारात उभे होते. पाच मिनिटांच्या फेरीला पाऊण तास लागला होता. मावशींनी सायकल भिंतीला टेकवली, खिशातून खडू काढला आणि सीटखाली हात घातला. पहिली रेघ बरी आली, दुसरी वाकडी गेली. त्यांनी ती पुसली नाही.

"काउंटरचं राहू दे, चाकं बरीच साठलीत," मालक म्हणाले. "सोमवारी जरा लवकर या."

मावशींनी मान हलवली.

टपालवालीने थैली कॅरियरला अडकवली आणि सायकल गेटाबाहेर काढली. बसायच्या आधी मात्र थांबली. खाली वाकली आणि पुढच्या चाकाचा एक नट बोटांनी चाचपून बघितला, मग दुसऱ्या बाजूचा. या वर्कशॉपच्या दारात मावशींचं काम आजवर कुणी तपासून घेतलं नव्हतं. पंपाने मान दुसरीकडे वळवली.

मावशींना लागलं. फार लागलं. त्या आत गेल्या, पाटावरचा पाना उचलला आणि बाहेर येऊन तो टपालवालीपुढे धरला.

"बोटांनी कळत नाही," त्या म्हणाल्या. "याने बघ."

टपालवालीने पाना घेतला, दोन्ही नटांवर लावून जोर दिला. नट हलले नाहीत. तिने पाना परत दिला आणि सायकलवर बसून निघून गेली. ती टाकीपाशी वळेपर्यंत मावशी पाना हातात धरून गेटात उभ्या होत्या.