आन्सेल्मोची बाटली

नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी एलादिओच्या खानावळीत जेवायला गेले, तर त्यानं माझ्यापुढे पाण्याचा जग आणून ठेवला. मोठ्या मायेनं ठेवला, वर खांद्यावर थोपटलंही. शेजारच्या टेबलावर गवंडी बसले होते. त्यांच्यापुढे न विचारता लाल वाईनची बाटली आणि गोड सोडा गेला. दुपारच्या जेवणाच्या किमतीत पाव, वाईन आणि शेवटचं गोड धरलेलंच असतं. पण आमच्या ला मांचात, स्पेनच्या या वाईनच्या मुलखात, बाटली येते ती पुरुषापुढे. पुरुष नसेल तर ती येतच नाही, आणि यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही येत नाही.

 खारवलेला मासा पाण्याबरोबर गिळला आणि घरी येऊन रडले. शेजारणींना वाटलं, आन्सेल्मोसाठी रडतेय. त्याच्यासाठी मी रोजच रडत होते. त्या दिवशी मात्र रागानं रडले.

खरं काय ते सांगून टाकते. माझा आन्सेल्मो वाईनला शिवत नव्हता. दोन घोट पोटात गेले की उलटी व्हायची. वाईनच्या गावात जन्मलेला, द्राक्षं चिरडायची यंत्रं दुरुस्त करून पोट भरणारा माणूस, आणि वास आला की कपाळ धरून बसायचा. कोळ्याच्या पोरानं पाण्याला भ्यावं तसं. आमच्याकडे असा पुरुष म्हणजे जन्मभराची थट्टा. मला मात्र वाईन आवडायची, पहिल्यापासून आवडायची, आणि अशी बाई म्हणजे थट्टेहून वाईट. मग लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून यावर तोडगा काढला. दर गुरुवारी एलादिओकडे जेवायचं. बाटली आन्सेल्मोपुढे यायची, सोडा माझ्यापुढे. एलादिओची पाठ वळली की पेल्यांची अदलाबदल. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणाल, तर बाई काय पिते याकडे बघतो कोण? तिचा पेला लाल दिसला तरी लोक समजतात, नवऱ्यानं चवीपुरती दिली असेल.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण एलादिओकडे वाईन तीन-चार तऱ्हेची असायची आणि मला भलत्या जेवणाबरोबर भलती वाईन सोसायची नाही. खारवलेल्या माशाबरोबर लाल घेतली की तोंडात गंजका खिळा चघळल्यासारखं होतं. हे मला कोणी शिकवलं नाही, माझी जीभच सांगते. म्हणून टेबलाखाली मी आन्सेल्मोचा पाय दाबायची. एकदा दाबला की लाल, दोनदा दाबला की पांढरी. तो ऐटीत हाक मारायचा, ‘एलादिओ, आज पांढरी आण.’ सिरक्यात मुरवलेली वांगी आली की मी पाय हलवतच नसे, कारण त्या आंबटापुढे कुठलीच वाईन टिकत नाही. तेव्हा तो नुसता हात वर करून म्हणायचा, आत्ता नको. आणि सगळे पुरुष माना डोलवायचे, की बघा, केव्हा प्यायची नाही हेसुद्धा याला कळतं.

होता होता गावात त्याच्या जिभेचं नाव झालं. मुलीचं लग्न ठरलं की लोक त्याला विचारायला यायचे, कोकराबरोबर काय द्यावं. तो म्हणायचा, उद्या सांगतो. आम्ही रात्री अंथरुणात हसून हसून लोळायचो. ‘मी आहे तोवर कोणाला सांगू नकोस, विसी,’ तो म्हणायचा. ‘मग काय हवं ते कर.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आम्ही झाकून ठेवली.

तो गेला हृदयानं. जन्मापासूनच त्यात दोष होता, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पण माझी नणंद एर्मिनिया, तिनं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दफनाच्या दिवशीच म्हणाली, दारूनं खाल्लं माझ्या भावाला आणि हिनं कधी त्याचा हात धरला नाही. गावानं ते उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर काळे कपडे घालून सांत्वन स्वीकारतोय. माझ्या माणसाला माझ्या पेल्यापायी दारुडा म्हणत होते, ते मला ऐकवत नव्हतं.

त्यात एलादिओनं पाटी करून आणली. पांढऱ्या चकचकीत फरशीवर निळ्या अक्षरांत: इथे बसून आन्सेल्मो पीत असे, अशी जीभ पुन्हा होणे नाही. आमच्या टेबलावरच्या भिंतीत ती बसवली आणि गुरुवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. कोकराचे पाय शिजवले होते. प्रत्येक पुरुषापुढे पेला भरला. माझ्यापुढे पाणी, एर्मिनियापुढे पाणी. एलादिओनं पेला उंचावला तशी एर्मिनिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की ज्या दारूनं त्याला मारलं तिचीच पाटी लावताय, लाज वाटत नाही का.

मी म्हटलं, ‘एलादिओ, बाटली इथे ठेव.’

त्याचे डोळे भरून आले. त्यानं नवी बाटली उघडली आणि माझ्या समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली, आन्सेल्मोच्या. मेलेल्या माणसापुढे बाटली ठेवायला त्याचा हात गेला, जिवंत बाईपुढे ठेवायला गेला नाही. तिथे माझं डोकं फिरलं.

मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पेले, पाय, वांगी, अंथरुणातलं हसणं, काही ठेवलं नाही.  कोणीतरी हळूच हसलं, तेही दयेनं. एलादिओ जवळ येऊन म्हणाला, ‘वहिनी, त्याचं नाव राखायला स्वतःवर कशाला घेताय?’

विश्वासच बसेना कोणाचा. खोटं सहज गिळलेली माणसं, खरं म्हटलं की यांच्या घशात अडकतं.

मी एर्मिनियाकडे वळले. ‘वन्सं, तुमच्या घरात वाढला तो. तुम्ही सांगा. दारुडा भाऊ हवाय की सोडा पिणारा? ज्यात लाज कमी वाटेल ते सांगा, पण आज सांगा.’

तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला. मला वाटलं, उठून जाणार.

‘बारा वर्षांचा होता,’ ती म्हणाली. ‘द्राक्षतोडणीच्या जेवणाला बाबांनी धरून पाजली. अंगणात पडला, सगळी माणसं हसली. मी त्याचं तोंड धुतलं. मग बाबांनी पट्टा काढला.’ तिनं नाक पुसलं. ‘पुढे गावात ऐकलं की आन्सेल्मो पितो, आणि वाईनमधलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. मला बरं वाटलं गं. वाटलं, बाबांच्या डोळ्यांपुढे शेवटी पुरुष ठरला.’

‘तो होताच,’ मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. मी वाकून रिकाम्या खुर्चीपुढची बाटली घेतली, माझ्या पेल्यात ओतली आणि सगळ्यांच्या देखत प्यायले. जुनी, जड लाल होती, वर कोमट. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं, ‘एलादिओ, ही या चिकट पायांबरोबर चालायची नाही. यंदाची कोवळी आण, गार करून. आणि ती पाटी काढ. आन्सेल्मोला कोणी दारुडा म्हणायचं नाही.’

एलादिओ भिंतीकडे बघायला लागला. फरशी पक्की बसवलेली होती. तो चाचरत म्हणाला, की काढायला हरकत नाही, नाहीतर मग तिच्यावर वहिनींचं नाव घालू का.

‘माझं नाव मी मेल्यावर घाल,’ मी म्हटलं. ‘आत्ता बाटली आण, आणि वन्संनाही पेला दे.’

तो आत गेला, बाटली घेऊन आला, सवयीनं एकदा पुरुषांकडे बघितलं आणि ती माझ्यापुढे ठेवली.