प्रश्न परत करणारी आई

"मॅडम, तुम्ही शिकवणं कधी सोडणार?"

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. मॅडम म्हणजे माझी आई. परदेशातल्या या शाळेत ती आम्हाला भाषा शिकवते आणि कुठल्याच प्रश्नाचं उत्तर स्वतः देत नाही. चेंडूसारखा तो आमच्याकडेच परत टाकते: "तुम्हाला काय वाटतं?" मग अबोल पोरंसुद्धा बोलायला लागतात. तिच्याकडून एक सरळ उत्तर काढायचं, एवढीच पैज. गेल्या वर्षीची मी असते, तर बाकाखाली खोडरबर शोधत बसले असते. पण यंदा मला तोंड फुटलंय, असं बाबा म्हणतात.

वर्गात खसखस पिकली. आईने खडू खाली ठेवला.

"कोणी दुसरीकडे कामावर घेतलं, तर उद्याच," ती म्हणाली आणि पुढचा धडा काढला.

पैज जिंकले, पण मधल्या सुट्टीत माझा डबा मी मैत्रिणींनाच देऊन टाकला. दोन वर्षं आई आंतरराष्ट्रीय संस्थांचे उंबरे झिजवतेय. भांडणाऱ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसवायचं काम तिला करायचंय. तसं ते ती रोज करतेच. ज्यांचे देश एकमेकांचं तोंड बघत नाहीत, अशी दोन मुलं तिच्या तासाला एका बाकावर बसून भांडतात, हसतात. पण अर्ज वाचणाऱ्यांना दिसते ती नुसती भाषेची बाई.

गेल्या आठवड्यात कशीबशी मुलाखतीपर्यंत पोचली. दोन्ही बाजू हटून बसल्या तर काय कराल, असं त्यांनी विचारलं आणि सवयीने आई बोलून गेली, "तुम्हाला काय वाटतं?" समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं म्हणे. हे सांगताना ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी बाबांनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि तिला जवळ घेतलं.

पैजेच्या दिवशी मी घरी आले, तर ती घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. बाबांनी हळूच सांगितलं, वेगळ्याच एका छोट्या संस्थेचा फोन आला होता. शिकाऊ जागा, वर्षभर, दुसऱ्या देशात. पुढच्या वर्षी आई त्यांच्या वयाच्या अटीत बसणार नव्हती. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं आणि ती नाही म्हणणार होती. माझी दहावी, बाबांच्या रात्रपाळ्या, पोरीला कुणाच्या भरवशावर टाकायचं?

"आणि माझ्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर मी बैठकीतल्या खुर्च्या मांडू?" आई मागे न वळताच म्हणाली.

खुर्च्या मांडता मांडताच माणूस खुर्चीत बसतो, असं बाबा म्हणाले.

"तुझं काय जातंय बोलायला," आई म्हणाली. नळ तसाच वाहत होता.

मी तो बंद केला. "आई, तुला जायचंय का?"

ती पातेल्याच्या तळाकडे बघत राहिली. मग वर्गात कधीच नसतो इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "तुला काय वाटतं?"

या वेळी ती सवय नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"मला वाटतं तू जावंस," मी म्हणाले. "बाबांची रात्रपाळी असेल तेव्हा मी शाळेच्या वसतिगृहात झोपणार. तिथल्या बाईंशी उद्या मीच बोलते. दहावी माझी आहे, ती मी देईन. तू फोन लाव, आत्ता, आमच्यासमोर."